‘पासून’ फळ्यावर

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, हा माझा दंडक होता. पाथर्डी तालुक्यातल्या शाळेतही तो मी सोडला नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तर मी उघड टिंगल करायचो. आता मत बदललं आहे, आणि ते बदललं ‘सिन्स’ आणि ‘फॉर’मुळे.

नियम सोपा. सुरुवात सांगायची तर सिन्स, मुदत सांगायची तर फॉर. मुलं तो धडाधड म्हणून दाखवतात आणि वहीत लिहितात, ‘माय फादर इज इन सांगली सिन्स फोर मंथ्स.’ आमच्याकडचे बरेच आईबाप दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, त्यामुळे हे वाक्य दरवर्षी ठरलेलंच. मी लाल रेघ मारून मोकळा.

पण मुलं नियम विसरत नव्हती, ती मराठीत विचार करत होती. ‘बाबा दसऱ्यापासून सांगलीला आहेत’, ‘बाबा चार महिन्यांपासून सांगलीला आहेत’. दोन्हीकडे आपलं ‘पासून’वर भागतं. ‘आहेत’चंही तेच. बाबा तेव्हा गेले आणि अजून तिथेच आहेत, हे इंग्रजीत क्रियापदालाच सांगावं लागतं, म्हणून ‘हॅज बीन’. हे दुखणं सिन्सपेक्षा चिवट आहे.

हल्ली मी आधी ‘पासून’ फळ्यावर लिहितो. कधीपासून? दसऱ्यापासून: सिन्स. किती दिवस झाले? चार महिने: फॉर. नगरला अमेरिकन मिशन 1831 पासून, अहमदनगर कॉलेज 1947 पासून, असं साल समोर असलं की कच्चा मुलगाही चुकत नाही. घोटाळा होतो तो ‘इतक्या वर्षांपासून’ म्हटलं की.

एकदा आठवीतल्या मुलीने विचारलं, “सर, ‘बाबांना जाऊन चार महिने झाले’ हे कसं म्हणायचं?” मी लिहिलं, ‘इट इज फोर मंथ्स सिन्स ही लेफ्ट.’ चार महिने आणि सिन्स एकाच वाक्यात! वर्गात गलका. तीच थोड्या वेळाने म्हणाली, “सिन्स महिन्यांना नाही लागलं सर, जाण्याला लागलंय.” माझ्या जुन्या दंडकात हा प्रश्न तिला विचारताच आला नसता.

गोष्ट वाचताना मात्र ओळीओळीचं भाषांतर मी अजूनही करू देत नाही. तेवढ्यापुरतं तर्खडकरांशी माझं भांडण कायम आहे.