नातीचा प्रश्न



मी सध्या सांता क्लाराला मुलीकडे असते. नात इथल्या सांता क्लारा विद्यापीठात शिकते. हे विद्यापीठ १८५१ साली सुरू झालं, पण पदवीच्या वर्गात मुलींना घेतलं ते १९६१ साली. म्हणजे एकशेदहा वर्षं मुली दाराबाहेर! आज तिथेच स्त्री-अभ्यासाचा वेगळा विभाग आहे.

मी नातीला म्हटलं, "अगं, बायकांचं आयुष्य काय पुस्तकात शिकायचं?"

ती म्हणाली, "आजी, हा नुसता एक विषय नाही. प्रत्येक विषयाला विचारायचा प्रश्न आहे. इतिहास लिहिला, त्यात बायका कुठे आहेत? औषध तपासलं, ते बायकांवर तपासलं का?"

मी गप्पच झाले. मग तिनेच समजावलं. अमेरिकेच्या औषध खात्याने १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू पोटातल्या बाळाला जपायचा होता. १९९३ साली ते धोरण बदललं. पुढे २०१३ साली झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस निम्मा करायला लावला, कारण बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते. तोवर गोळी वीस वर्षं बाजारात होती!

मला मुंबईतली एक नाइट ड्युटी आठवली. एक बाई आल्या. छातीत कळ नव्हती, पण जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होतं. गॅस झाला म्हणून औषध देऊन घरी पाठवलं. पहाटे परत आणलं तेव्हा उशीर झाला होता. हृदयविकारात बायकांना अशी लक्षणं पुष्कळदा दिसतात, हे मला खूप नंतर कळलं. त्या रात्री माझ्या मनात शंका आली होती. पण मी बोलले नाही. ते अजून सलतं.

आपल्या डॉ. जेरूशा झिराड १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बाळंतपणात बायका का दगावतात, याचा त्यांनी अभ्यास केला. नातीचा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

तेव्हा बायांनो, दुखलं तर अंगावर काढू नका, स्पष्ट सांगा. आणि मुलांनो, शंका आली तर विचारा. माझ्यासारखं गप्प बसू नका.