चाकाच्या आतली जागा

ब्रेकचे नवे पॅड बसवून गाडी वर्कशॉपच्या बाहेर काढली आणि चौकापर्यंत पोहोचायच्या आत पुढच्या उजव्या चाकातून किर्र-किर्र आवाज यायला लागला. गाडी तशीच परत वळवली. तिथल्या मुलानं खिडकीशी वाकून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, नवे पॅड आहेत. थोडी गाडी पळली की बसतील." नवे पॅड बसायला वेळ लागतो हे खरंच आहे. पण पॅडचा आवाज ब्रेकवर पाय ठेवल्यावर येतो. हा आवाज पाय न ठेवता येत होता आणि चाकाच्या एका फेऱ्यात पाचदा तुटत होता. माझ्या चाकाला आरे पाच.

गाडी पोलो, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. तिथलं पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, त्यामुळे जपून वापरलेली पोलो आता शोधून घ्यावी लागते. मला मिळाली ती एका हौशी माणसाकडून. त्यानं पुढच्या मूळ 256 मिलिमीटरच्या डिस्क काढून 288 च्या घातल्या होत्या, त्यांच्या मापाचे मोठे कॅलिपर बसवले होते आणि कंपनीची चाकं बदलून बाहेरून घेतलेले 15 इंची अलॉय लावले होते. माझं माहेर वाईचं, पसरणीच्या घाटातून येणं-जाणं नेहमीचं. घाट उतरताना त्या मोठ्या ब्रेकचा भरवसा वाटायचा आणि अजूनही वाटतो. म्हणून ब्रेक पूर्वीसारखे छोटे करून घ्या, हा सल्ला मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून चाक काढलं. पाचही आऱ्यांच्या मागे, हबपासून सारख्याच अंतरावर, नखाएवढ्या रुंदीची चकचकीत रेघ उमटली होती. कॅलिपरच्या बाहेरच्या कडेवरचा काळा रंग तेवढ्याच भागात उडून आतला धातू दिसत होता. दुसऱ्या बाजूचं चाक आवाज करत नव्हतं, पण तिथेही आरा आणि कॅलिपर यांच्यामधून कागद जेमतेम सरकत होता.

अलॉय विकत घेताना सगळे पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) विचारतात, इंच विचारतात, जाणकार असला तर ऑफसेट विचारतो. या तिन्ही आकड्यांवरून चाकाच्या आत ब्रेक मावेल का, हे कळत नाही. जागा दोन ठिकाणी लागते. एक कॅलिपरच्या पाठीवर, म्हणजे कॅलिपर आणि रिमची आतली गोलाई यांच्यामध्ये. 15 इंची रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास सुमारे 380 मिलिमीटर असतो, पण टायर चढवता यावा म्हणून रिमचा मधला भाग खोल घेतलेला असतो. शिवाय धातूची जाडी, त्यावर आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं. उरेल ती जागा ब्रेकची. दुसरी जागा कॅलिपरच्या तोंडासमोर, आऱ्याच्या पाठीमागे. ऑफसेट चाकाच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर सांगतो. तिथून पुढे आरा बाहेर फुगतो की आत वळतो, याबद्दल तो काहीच सांगत नाही. एकच ऑफसेट असलेल्या दोन चाकांपैकी एक आरामात बसतं आणि दुसरं घासतं, ते यामुळे. माझ्या गाडीचे आरे दिसायला फार देखणे आहेत, कारण ते मध्याकडे येताना खोल आत झुकतात. नेमकी तीच जागा कॅलिपरला हवी होती.

मग इतके महिने घासलं का नाही? याचं उत्तर वर्कशॉपनं पिशवीत घालून परत दिलेल्या जुन्या पॅडमध्ये सापडलं. व्हर्नियर लावला तर नवा बाहेरचा पॅड जुन्यापेक्षा साडेसहा मिलिमीटर जाड भरला. पोलोचा कॅलिपर एका जागी घट्ट बसवलेला नसतो, तो गाइड पिनवर सरकतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोरानं अख्खा कॅलिपर आत ओढला जाऊन बाहेरचा पॅडही डिस्कला भिडतो. बाहेरचा पॅड जसा झिजतो तसा कॅलिपर गाडीच्या आतल्या अंगाला सरकत जातो आणि आऱ्यामागची जागा आपोआप वाढते. नवा जाड पॅड घातला की कॅलिपर पुन्हा बाहेर येतो. अलॉय बसवले गेले तेव्हा पॅड बरेच झिजलेले असणार आणि सगळं नीट बसलंय असं दिसलं असणार. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी आता भेटेल त्याला सांगते: ब्रेकची जागा तपासायची ती नवे पॅड घालून. जुन्या पॅडवर घेतलेलं माप कामाचं नाही. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेले कॅलिपर जागचे हलत नाहीत, त्यांना ही भीती नाही.

नाना पेठेत चौकशी केली तेव्हा एकानं लगेच ग्राइंडर दाखवला. "आऱ्याला मागून थोडं मारून देतो, कुणाला दिसणारसुद्धा नाही." मी तिथून निघाले. अलॉय चाकांची चाचणी कशी होते हे आपल्या पुण्यात तरी माहीत असायला हवं, वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. चाकाला फिरत्या अवस्थेत वाकवणारा भार देतात, ड्रमवर दाबून पळवतात, 13 अंशांत तिरकं धरून त्यावर वजन आदळतात. या चाचण्या पार करतं ते ओतून निघालेलं, तसंच ठेवलेलं अख्खं चाक. वळणावर जो भार येतो तो आऱ्यातूनच हबला पोहोचतो. तिथे ग्राइंडरचा ओरखडा ठेवला की तडा सुरू व्हायला जागा मिळते आणि ती बाहेरून दिसतही नाही. कॅलिपर घासून कमी करायचा सल्लाही मिळाला. ज्या तुकड्याच्या जोरावर गाडी थांबते त्याचं अंग कमी करायचं, हे मला पटणं शक्य नव्हतं.

राहिला स्पेसर. चाक हबपासून थोडं बाहेर सरकवायचं. पण किती, हे अंदाजानं ठरवायचं नव्हतं. पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन खाली गेले. भाचा सुट्टीला आला होता, तो हसत बघत होता. कॅलिपरच्या तोंडावर आणि पाठीवर कणकेच्या गोळ्या चिकटवल्या, चाकाच्या आतून तेलाचं बोट फिरवलं म्हणजे कणीक चाकाला धरणार नाही, आणि हबवर 3 मिलिमीटरच्या चकत्या ठेवून चाक चढवलं. बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले, चाक हातानं हळूच एक फेरा फिरवलं आणि काढलं. चपट्या झालेल्या गोळ्या ब्लेडनं मधोमध कापल्या. पाठीवरची गोळी 5 मिलिमीटर जाड राहिली होती, म्हणजे तिथे चिंता नव्हती. तोंडावरची अडीच. मला किमान 3 हवे होते. बेअरिंगला थोडं ढिलेपण येतं, भार पडला की चाक किंचित लवतं, रस्त्यावरची बारीक खडी आत अडकते. 5 मिलिमीटरचा स्पेसर ठरवला.

तो भोसरीत एका लेथवाल्या काकांकडून करून घेतला. बाजारात मिळणाऱ्या चकत्या का नकोत, हे त्यांनीच दाखवलं. एक चकती डायलखाली फिरवली तर काटा नाचायला लागला, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. "हे लावशील आणि मग व्हील बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देशील," म्हणाले. त्यांनी अॅल्युमिनियमचा गोल चकमध्ये धरला, फेसिंग केलं, मधला बोअर पोलोच्या हबच्या मापाचा, 57.1 चा काढला. माझा अलॉय मधोमध मोठ्या भोकाचा आहे, त्यात रिंग घालून तो हबवर बसतो. स्पेसरनंतरही हबचा पुढे आलेला काठ त्या रिंगमध्ये पुरेसा शिरतो का, हे त्यांनी गाडीवर लावून पाहिल्याशिवाय काम हातावेगळं केलं नाही.

खरी जोखीम बोल्टमध्ये असते. 5 मिलिमीटर बाहेर गेलं म्हणजे बोल्ट हबमध्ये तेवढाच कमी शिरतो. पोलोचा बोल्ट 14 मिलिमीटरचा, आट्यांमधलं अंतर दीड, म्हणजे तीनहून जास्त आटे गेले. चाक दिसायला घट्ट बसतं, पण पकड उरत नाही. म्हणून 5 मिलिमीटरनं लांब बोल्ट घेतले. हातानं आवळताना साडेसात फेरे मिळाले पाहिजेत, ते मोजले. वाढलेली लांबी मागे कशाला टोचत नाही ना, तेही पाहिलं. आणखी एक गोष्ट इथे बऱ्याचदा सुटते. कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या अलॉयला निमुळतं लागतं. चुकीची जोडी जमली तर टेकण्याची जागा कडेपुरतीच राहते आणि बोल्ट सुटत जातो. शेवटी 120 न्यूटन-मीटरचा टॉर्क, थोडी गाडी चालवून पुन्हा तेवढाच. एअर गनला मी हात लावू देत नाही.

पसरणी उतरून ब्रेक चांगले तापवले आणि खाली आल्यावर चाक काढून पाहिलं. आऱ्यावर नवी रेघ नव्हती.

एक प्रश्न मात्र माझ्या भाच्यानं काढला. "मावशी, पंक्चर झालं तर स्टेपनी?" स्टेपनी 14 इंची पोलादी. पुढच्या हबवर चढवून पाहिली तर मोठ्या कॅलिपरवर ती बसेचना. म्हणजे ती मागेच लावायची, आणि तिला कंपनीचेच बोल्ट हवेत. तेव्हापासून स्टेपनीच्या खड्ड्यात मूळ गोल बुडाचे पाच बोल्ट चिठ्ठी लावून ठेवलेले असतात. ते कामी आले शिरवळच्या पुढे, पुढचा टायर बाजूनं फाटला तेव्हा. मागचा अलॉय काढला, तिथे स्टेपनी मूळ बोल्टवर बसवली, आणि काढलेला अलॉय पुढे स्पेसरवर, लांब बोल्ट लावून चढवला. खंबाटकी सावकाश ओलांडून वाई गाठली आणि साताऱ्याहून टायर येईपर्यंत गाडी दारात उभी ठेवली.