हिरड्यांतील अग्नि

हिरडी हा मानवी देहाचा मोठा निरभिमानी अवयव आहे. दांतांची स्तुति कवींनीं केली, ओठांची तर मर्यादा सोडून केली. पण ज्या मांसाच्या आधारावर हा सारा डौल उभा राहतो त्याची आठवण कोणासही होत नाहीं. ही उपेक्षा हिरडी वर्षानुवर्षें निमूटपणें सोसते. आणि तिचा संयम सुटतो तो बहुधा उतारवयाच्या उंबरठ्यावर, तोंड धुतांना थुंकींत दिसणाऱ्या तांबड्या रेषेच्या रूपानें. आमच्या घराण्यांतील वडील माणसें ती रेषा पाहून ‘वयाचा धर्म’ एवढेंच म्हणत, आणि साठीच्या आंत त्यांच्या तोंडाचें बोळकें होई. तेव्हां २०२३ सालीं आमच्या तोंडीं ती रेषा उमटली, त्या वेळीं तिचा अर्थ आम्हांस दुसऱ्या कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती. व्याख्यानें देऊन पोट भरणाऱ्या मनुष्यास दांत हें केवळ चर्वणाचें साधन नसून उच्चाराचें उपकरण असतें. दंत्य वर्ण डळमळले कीं त्याची अर्धी भाषा डळमळते.

त्या सुमारास आमचा मुक्काम सिंगापुरास धाकट्या बंधूंच्या घरीं होता. तेथील एका दंतवैद्यानें हिरड्या तपासून, हाड अद्याप शाबूत असल्याची ग्वाही दिली. दांतांच्या मुळाशीं बसलेलें किटण खरवडून काढलें. आणि ब्रश कसा धरावा याचा धडा एखाद्या पहिलीच्या मुलास द्यावा तसा आम्हांस दिला. त्याचें शास्त्र स्पष्ट होतें. डेन्मार्कमधील आरहूस येथें हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयांत प्रमाणभूत मानला जातो. निरोगी हिरड्यांच्या १२ माणसांनीं दांत घासणें बंद केलें. १० ते २१ दिवसांच्या आंत त्या साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू करतांच सुमारें एका आठवड्यांत त्या पूर्ववत् झाल्या. दाह उत्पन्न करतो तो दांतांवर सांचणारा जंतूंचा चिकट थर. तो घालवला कीं दाह जातो. मात्र दुर्लक्षामुळें तो दाह खोल उतरून दांतांभोंवतालचें हाड झिजलें, तर तें आपोआप पुन्हा भरून येत नाहीं. इतकें स्वच्छ तर्कशास्त्र वैद्यकांत क्वचितच पाहावयास मिळतें.

तरीहि किटण काढल्यानंतर दोन दिवस हिरड्यांची आग शमली नाहीं, आणि बंधूंनीं आम्हांस घराजवळच्या एका चिनी वैद्यबाईंकडे नेलें. अशा वैद्यांची सरकारदरबारीं नोंदणी करणारा कायदा त्या देशांत २००० सालीं झालेला आहे. त्यामुळें आपण एखाद्या जत्रेंतल्या जडीबुटीवाल्यापुढें बसलों आहों, असें वाटण्याचें कारण नव्हतें. बाईंनीं दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. गार पाण्यानें बरें वाटतें कीं ऊन पाण्यानें? तहान फार लागते काय? शौचास साफ होतें काय? अलीकडे एखादें उष्ण पौष्टिक घेतलें आहे काय? दुसरीं कोणतीं औषधें चालू आहेत? दंतवैद्यास दाखवलें काय? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी मिळाल्यावरच त्यांनीं लेखणी उचलली, आणि पांच दिवसांचा काढा लिहून दिला.

त्या योगाचें नांव छिंग-वेइ-सान, म्हणजे जठराचा ताप निवविणारें चूर्ण. त्याचा कर्ता ली तुंग-य्वान (११८०-१२५१) हा उत्तर चीनमधील मोठा वैद्य. मोंगलांनीं १२३२ सालीं खायफंग नगरास वेढा घातला. त्यानंतर तेथें उसळलेली भयंकर साथ त्यानें प्रत्यक्ष पाहिली. आणि उपासमारीनें व श्रमानें ज्यांचें जठर आधींच खचलें आहे अशा माणसांस बाहेरून शिरलेल्या रोगावरचीं औषधें देणें घातक आहे, असें त्यानें पुढें आग्रहानें प्रतिपादिलें. जठर सांभाळा म्हणजे देह सांभाळला जाईल, हा त्याच्या साऱ्या वैद्यकाचा गाभा होय. त्याच्या मृत्यूनंतर १२७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘लान-शी-मी-त्सांग’ या ग्रंथांत हा योग आहे, आणि तो ज्या रोग्यासाठीं सांगितला त्याचें वर्णन आम्हांस फार उद्बोधक वाटलें. जठरास बळ यावें म्हणून उष्ण औषधें घेतल्यामुळें ज्याचे वरचे व खालचे दांत असह्य ठणकूं लागले, वेदना मस्तकापर्यंत चढली, चेहरा तापला आणि ज्याच्या दांतांस गारवा हवासा व ऊष्मा नकोसा झाला, असा तो रोगी आहे. म्हणजे हें औषध मुळांत औषधानें झालेल्या अपायावरचें औषध आहे! वैद्यबाईंनीं उष्ण पौष्टिकाविषयीं विचारलें तें कां, याचा उलगडा आम्हांस येथें झाला. तो प्रश्न जवळजवळ आठशें वर्षांचा होता.

हिरडीच्या दुखण्यांत जठराचा संबंध काय, असें वाचक विचारतील. चिनी वैद्यकाच्या मतें जठराची वाहिनी वरच्या दांतांत व मोठ्या आंतड्याची वाहिनी खालच्या दांतांत शिरते. जठरांत अग्नि माजला कीं तो या वाटांनीं वर चढून हिरड्या सुजवतो व रक्त तापवून बाहेर आणतो. त्यावर पांच औषधी योजल्या आहेत. ह्वांग-ल्येन हें पिवळें, अतिशय कडू मूळ अग्नि खालीं उतरवतें. शंग-मा कोंडलेल्या उष्णतेस वर वाट करून देते. शंग-ती-ह्वांग व मू-तान-फी रक्त थंड करतात. आणि तांग-क्वेइ रक्ताचें पोषण करून तें वाहतें ठेवते. काढा गाळून, निववून गारच प्यावयाचा असतो. त्याची चव कशी असते, हें किराइताचा काढा प्यालेल्या वाचकांनीं कल्पनेनें जाणावें. आणि त्या कल्पनेस थोडी अधिक कडू करावी.

हें ऐकतांच कोणाही मराठी मनुष्याच्या मनांत ‘म्हणजे आपलें पित्तच कीं!’ असा उद्गार उठतो. आमच्याही मनांत तो उठला. पण तो ग्रंथांपुढें टिकत नाहीं. सुश्रुतसंहितेंत दंतमूलाचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकीं शीताद या रोगांत हिरड्यांतून अकस्मात् रक्त येतें, त्या काळवंडतात, ओलसर व मऊ होतात आणि त्यांस दुर्गंधि सुटते. त्याचें कारण मात्र कफ व रक्त यांची दुष्टि हें दिलें आहे, पित्त नव्हे. दोन प्राचीन शास्त्रांचें नातें असें घाईनें जुळवूं नये. खरें नातें निराळ्या ठिकाणीं सांपडतें. ह्वांग-ल्येनचा पिवळा रंग ज्या बर्बेरीन नांवाच्या द्रव्यामुळें येतो, तेंच द्रव्य आपल्या दारुहळदींत आहे, आणि दारुहळदीपासून केलेलें रसांजन आपले वैद्य मुखरोगांत वापरीत आले आहेत. त्या चिनी मुळाची सख्खी बहीण, मिश्मी तीता, ही अरुणाचलाच्या डोंगरांत उगवते. तत्त्वज्ञानें भिन्न असतांहि दोन्ही देशांतील हात एकाच कडू पिवळ्या रसाकडे वळले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आमच्या प्रकृतीविषयीं सांगावयाचें तर, दुसऱ्या दिवसापासून आग कमी झाली आणि आठवड्याच्या अखेरीस रक्त थांबलें. हें यश कोणाचें? दांत दोन वेळां नियमानें घासणें चालूच होतें. दांतांच्या फटींत दोरा फिरवणेंही चालू होतें. आरहूसच्या प्रयोगाप्रमाणें पाहतां एवढ्या मुदतींत एवढें यश केवळ स्वच्छतेनें यावयास हरकत नाहीं. काढ्यानें आग लवकर निवली असेल. पण एकाच हिरडीवर दोन उपचार एकदम झाले असतां त्यांतील एकास प्रशस्तिपत्र देणें हें न्यायास धरून होणार नाहीं. इतकें मात्र निश्चित, कीं दगडासारखें घट्ट झालेलें किटण कोणत्याही काढ्यानें विरघळत नाहीं. त्यास दंतवैद्याचें हत्यारच लागतें.

परंतु आम्हीं लेखणी उचलली ती या हिशेबासाठीं नव्हे. बंधूंचे एक वयोवृद्ध मराठी स्नेही तेथें शेजारीं राहतात. त्यांच्या हृदयांत कृत्रिम झडप बसविलेली असून रक्त गोठूं नये म्हणून ते रोज वॉरफरिन घेतात. त्यांच्याही हिरड्यांतून रक्त येत असे. आमच्यासाठीं आणलेल्या पुड्यांपैकीं दोन उरल्या होत्या. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तुम्हांला गुण आला, मलाही येईल. झाडपाल्याचें औषध, त्यांत अपाय तो काय व्हायचा?” आम्हीं पुड्या दिल्या नाहींत. तांग-क्वेइमुळें वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊं शकतो. आणि वॉरफरिन घेणाऱ्याच्या हिरडींतून येणारें रक्त हें जठराच्या अग्नीचें नसून औषधाची मात्रा अधिक झाल्याचेंही चिन्ह असूं शकतें. आम्ही त्यांस त्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला. दोन कागदी पुड्यांसाठीं आम्ही कृपण ठरलों, आणि पुढें कित्येक दिवस त्यांनीं आमच्याशीं बोलणें टाकलें. शेवटीं त्यांच्या डॉक्टरांनीं रक्त तपासून वॉरफरिनची मात्रा उतरवली, तेव्हां ते स्वतः होऊन चहास आले.

त्याच सिंगापुरांत १९७८ सालापासून २०१२ अखेर ह्वांग-ल्येनवर बंदी होती, हें येथें नमूद केलें पाहिजे. रक्तांतील एका विशिष्ट द्रव्याची जन्मतः उणीव असलेल्या तान्ह्या मुलांत तें कावीळ वाढवील, अशी भीति त्या बंदीच्या मुळाशीं होती. २०१३ च्या आरंभीं ती उठविण्यांत आली. तरी तान्हीं मुलें व गर्भवती यांच्याविषयींचा सावधपणा राहिलाच आहे. मूळ तेंच, कडूपणा तोच. बदलतो तो फक्त घेणारा. ली तुंग-य्वान यानें आयुष्यभर हेंच सांगितलें होतें.

जुन्या वैद्यकाचे अभिमानी त्याचे योग जपतात, आणि निंदक त्या योगांचीच थट्टा करतात. दोघांचेंही लक्ष उत्तरावर असतें. पण योग हें एका विशिष्ट रोग्याविषयीं विचारलेल्या प्रश्नांचें उत्तर आहे. प्रश्न गाळून तेवढें उत्तर डबींत भरलें, वर सुंदर चिठ्ठी चिकटवली आणि ‘हिरड्यांवर रामबाण’ म्हणून विकलें, कीं आठशें वर्षांच्या अनुभवांतून नुसता कडूपणा शिल्लक राहतो. हा व्यापार चीनमध्यें चालतो तसा आपल्याकडेही चालतो. ज्या वैद्यानें गार कीं ऊन हें विचारलें नाहीं, दुसरें औषध कोणतें तें विचारलें नाहीं, आणि दंतवैद्यास दाखवलें काय हेंही विचारलें नाहीं, त्याच्याकडून काढा घेऊं नये. मग तो काढा कोणत्याही देशाचा असो. आणि ब्रश मात्र काढा चालू असो वा नसो, रोज सकाळीं आणि रात्रीं हातीं घ्यावाच.