पैसे मुळात कोणाचे?

पगारदाराचं रिटर्न भरणं तसं सोपं. फॉर्म १६ हातात असतो, आकडे कंपनीने छापलेले असतात. माझं खरं काम सुरू होतं ते ठेवींविषयी विचारल्यावर. निवृत्तीची रक्कम आलेली असते आणि तिच्यातली बरीचशी एफडी ‘मिसेसच्या नावाने’ केलेली असते. “तिला दुसरं उत्पन्न नाही, १५जी दिलाय, टीडीएसही कापला नाही. मग कर कसला?”

ही माणसं कर बुडवायला निघालेली नसतात. घरातला पैसा घरातच ठेवला, एवढंच त्यांच्या मनात असतं. पण कायदा इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. नवऱ्याने बायकोला दिलेल्या रकमेवर तिला एक पैसाही कर नाही. त्या रकमेवरचं व्याज मात्र नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं. १९६१ च्या कायद्यातलं कलम ६४ ते हेच. आम्ही त्याला क्लबिंग म्हणतो, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. त्या व्याजातून पुढे नवी एफडी केली, तर तिचं व्याज मात्र बायकोचं स्वतःचं. म्हणून मूळ ठेव आणि व्याजातून केलेली ठेव यांचा हिशेब पहिल्यापासून वेगळा ठेवावा. दहा वर्षांनी तो सोडवणं महाकठीण.

आणि तो १५जी, टीडीएस कापू नये म्हणून बँकेला दिलेला जाहीरनामा! हे उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात मिळवायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली सही बायकोची. बँकेच्या काउंटरवर पुढे सरकवलेला कागद तिने वाचलेला नसतो, तिला कोणी वाचूही दिलेला नसतो. याचं मला वाईट वाटतं.

पूर्वी हे व्याज सहसा कोणाच्या नजरेस पडत नसे. २०२१ पासून आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात ते पॅनवार दिसतं, मग नोटीस येते आणि घर हादरतं.

म्हणून मी विचारतो, पैसे मुळात कोणाचे? प्रश्न बाईंना असतो, उत्तर बहुधा साहेब देतात. मी थांबतो. कधी कळतं, निम्मी रक्कम त्यांच्या शिवणकामाची आहे किंवा वडिलांनी दिलेली आहे. तेवढी त्यांची स्वतःची. तिच्या व्याजाला क्लबिंग लागत नाही. हे बँकेच्या नोंदीतून दाखवता आलं पाहिजे, म्हणून जुनी पासबुकं टाकू नयेत.

नवरा गेला की क्लबिंग संपतं. पुढचं व्याज तिचं. पण त्या वर्षातलं, मृत्यूच्या दिवसापर्यंतचं त्याचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, आणि त्यासाठी पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी लागते. हे काम बहुतेक वेळा तिच्याच वाट्याला येतं. पावत्या कुठे आहेत, कोणत्या बँकेत किती आहे, हे त्या वेळी तिला दुसऱ्यांना विचारत बसावं लागू नये. म्हणून एफडी बायकोच्या नावावर असेल, तर रिटर्नच्या वेळी तिलाही घेऊन या, असा माझा आग्रह असतो.