न विचारलेला प्रश्न

विवाहित स्त्रीचें मन पतीखेरीज अन्य कोणाकडे ओढलें गेल्याची कथा घरांतील वडीलधाऱ्यांसमवेत पाहावी कीं पाहूं नये, हा वाद आमच्या घरीं जुनाच आहे. गेल्या श्रावणांतील एका रविवारीं पुतण्यानें सत्यजित राय यांचा १९६४ सालचा ‘चारुलता’ हा चित्रपट लावण्याचें ठरविलें, तेव्हां वहिनींनीं थोडी कुरकुर केली. पण वाती वळीत बसलेली आमची आई म्हणाली, “रवींद्रनाथांची कथा आहे ना? मग लाव. आम्हींही जग पाहिलेलें आहे.” वाद तेथेंच मिटला.

हा चित्रपट मीं प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेंत. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या १९०१ सालच्या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे, आणि १९६५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत रायना त्याच्या दिग्दर्शनाबद्दल पारितोषिक मिळालें, इतकें तेव्हां ठाऊक होतें. काळ १८७९ च्या सुमाराचा, स्थळ कलकत्ता. भूपति हा श्रीमंत व सुशिक्षित गृहस्थ राजकारणाच्या ध्यासानें एक इंग्रजी वृत्तपत्र चालवितो. त्याची तरुण पत्नी चारु मोठ्या घरांत एकटी पडलेली. तिला सोबत हवी म्हणून तो तिच्या भावाला व भावजयीला बोलावून घेतो. पुढें त्याचा आतेभाऊ अमल वादळवाऱ्यासरशीं घरांत येतो. चारूला वाङ्मयाची गोडी आहे, तेव्हां तिला लिहितें कर, असें भूपति स्वतःच त्याला सांगतो. व्हावयाचें तें मग होतें. त्या वयांत मी सर्वस्वीं अमलच्या बाजूचा होतों. भूपति मला केवळ अडगळ वाटला होता.

या खेपेस मात्र उलट घडलें. तीस वर्षें वकिली केलेला मनुष्य भूपतीकडेच पाहूं लागतो. मेहुणा पैशाचा अपहार करून पळतो. ज्याच्यावर भरंवसा ठेवावा तोच दगा देतो, असें हा सज्जन अमललाच विश्वासानें सांगतो, आणि तें ऐकून लज्जित झालेला अमल रातोरात घर सोडून जातो. पुढें त्याचें पत्र येतें, चारूचा बांध फुटतो, आणि तिचें रडणें अकल्पितपणें भूपतीच्या दृष्टीस पडतें. मला राहवेना. मी म्हणालों, “या गृहस्थाचा दोष तरी काय? व्यसन नाहीं, कठोर शब्द नाहीं. बायकोला काय हवें तें न मागतां आणून देतो!”

आईनें मान वर न करतांच उत्तर दिलें, “आणून देतो, पण पाहात नाहीं. आरंभीं तो पुस्तकांत डोकें घालून तिच्या जवळूनच जातो. तिनें दुर्बीण लावून त्याला पाहिलें. त्यानें तिला पाहिलें का?”

मी गप्प राहिलों. सौ. कांहींच बोलली नाहीं. तिच्या त्या न बोलण्यानें मला एक जुनी गोष्ट आठवली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत सौ. सतार वाजवीत असे. माझ्याकडे शिक्षणासाठीं राहिलेला एक दूरचा भाऊ तबला वाजवी. सायंकाळीं मी पक्षकारांच्या कागदपत्रांत गढलेला असे आणि आंतून त्या दोघांचे सूर ऐकूं येत. तिला विरंगुळा मिळाला, आपली जबाबदारी हलकी झाली, एवढेंच समाधान मला वाटे. एका दिवाळीनंतर तो परीक्षेचें निमित्त सांगून वसतिगृहांत राहावयास गेला, आणि त्याच आठवड्यांत सतार गवसणींत घालून माळ्यावर गेली. मीं कारण विचारलें नाहीं. खरें सांगावयाचें तर, ती वाजावयाची थांबली हें माझ्या ध्यानांत यावयासच कांहीं महिने लागले.

रात्रीं सामसूम झाल्यावर मीं तिला विचारलें, “सतार तूं कां ठेवून दिलीस?”

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होती. मग म्हणाली, “बावीस वर्षांनीं विचारतां आहां. सांगण्यासारखें कांहीं घडलें नव्हतें. घडूं नये म्हणूनच त्याला मीं जावयास सांगितलें. पण घडलें असतें तरी तुम्हांला कळलें नसतें. याचेंच मला अधिक वाईट वाटलें.”

माझ्या मनांत संताप आला नाहीं, संशयही आला नाहीं. आली ती लाज. घराची अब्रू मी राखतों, असें मला इतकीं वर्षें वाटत होतें. ती राखली होती एकटीनें तिनें, आणि त्यासाठीं स्वतःची आवडती वस्तू माळ्यावर टाकली होती.

परपुरुषाचें आकर्षण हें पाप कीं मोह, यावर आपण पुष्कळ लिहितों. पण तो मोह ज्या रिकाम्या जागेंत शिरतो, ती कोणी रिकामी ठेवली, हें विचारावयास आपण कचरतों. एकत्र कुटुंबांत तर ही चूक सहज घडते. घर माणसांनीं भरलेलें असतें, म्हणून त्यांतील कोणी एकटें असेल असें मनांतच येत नाहीं.

‘चारुलते’च्या शेवटीं भूपति घरीं परततो. चारु हात पुढें करते, तोही करतो; पण हात जुळण्यापूर्वींच चित्र स्थिर होतें. पुतण्याला हा शेवट अपुरा वाटला. मला तो अतिशय प्रामाणिक वाटला. मोडलेलें एका हस्तस्पर्शानें सांधतें, असें आश्वासन तेथें कोणी देत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं सतार खालीं काढली. तारा गंजल्या होत्या. सौ. म्हणाली, “आतां बोटें वळावयाचीं नाहींत.” तरीही मीं ती दुरुस्तीस दिली आहे. ती परत आल्यावर वाजेल कीं नाहीं, हें तिनें ठरवावयाचें. सायंकाळीं कागद बाजूस सारून समोर बसण्याचें काम मात्र माझें आहे.