झाकण उघडलं की गाळ पळतो

जोराचा पाऊस आला की हैदराबादच्या चिक्कडपल्लीत कुणीतरी सळई घेऊन बाहेर पडतं आणि रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या मॅनहोलचं झाकण उचलतं. गल्लीत तुंबलेलं पाणी बघता बघता गडप होतं. मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे, त्यामुळे ते पाणी कुठे पोचणार हे मला ठाऊक असतं. शेजाऱ्यांना हे सांगितलं की ते विचारतात, ‘‘मग घरात घेऊ का, अक्का?’’ त्यांचंही चूक नाही. पावसाच्या गटाराच्या जाळ्या प्लास्टिकने तुंबलेल्या, हुसेनसागरच्या सांडव्याचा नाला अशोकनगरकडे आधीच काठोकाठ भरलेला. ऑगस्ट 2000 चा पूर इथल्या जुन्या माणसांना अजून आठवतो.

कागदावर मैला आणि पावसाचं पाणी वेगळं वाहतं. प्रत्यक्षात कित्येक गच्च्यांचे पाइपसुद्धा ड्रेनेजलाच जोडलेले आहेत.

आमच्या एअरेशन टँकमध्ये तपकिरी गाळ घुसळत असतो, तो जिवंत असतो. आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 साली मँचेस्टरमध्ये मांडलेली ही पद्धत. जीवाणू मैला खातात, एकमेकांना चिकटून पुंजके करतात, सेटलिंग टँकमध्ये तळाशी बसतात आणि पंपाने पुन्हा एअरेशनमध्ये येतात. पावसाचा लोट आला की त्यांना बसायला उसंतच मिळत नाही. गाळाचा थर वर चढत जातो आणि काठावरून ओसंडून नदीला मिळतो. साधे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात, त्यांची फारशी चिंता नसते. अमोनियाचं नायट्रेट करणारे मात्र संथ. ते वाहून गेले की पुढे कितीतरी दिवस अमोनियाचा आकडा हलत नाही.

13 ऑक्टोबर 2020 ला बेगमपेटला चोवीस तासांत सुमारे 190 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री शिफ्टवरच्या मुलाला हवा सोडणारे सगळे ब्लोअर आणि गाळ परत आणणारे पंप पुऱ्या ताकदीने चालवायचे होते. पाणी जास्त तर काम जास्त, हा त्याचा सरळ हिशोब. पण अशा वेळी जीवाणूंकडून काम करून घेण्यापेक्षा ते वाहून जाऊ न देणं महत्त्वाचं. परतीचा पंप फार वाढवला तर तोच गाळ पुन्हा सेटलिंग टँकवर आदळतो. म्हणून आम्ही तो बेतानेच वाढवला, जादा गाळ बाहेर काढणं बंद केलं आणि येणारं पाणी टँकच्या तोंडाशी न घेता शेवटच्या कप्प्यात सोडलं. असं केलं की दाट गाळ सुरुवातीच्या कप्प्यांत राहतो आणि सेटलिंगकडे पातळ पाणी जातं. थोडा गाळ गेलाच, पण बराचसा राहिला.

दुसऱ्या दिवशी टँकमधल्या गाळाचं प्रमाण उलट वाढलेलं निघालं. सगळे खूश. मी तो नमुना मफल फर्नेसमध्ये 550 अंशांवर जाळला. एरवी बराच भाग जळून जातो, या वेळी मुशीत लालसर माती भरपूर उरली. म्हणजे वाढला होता तो रस्त्यावरचा मुरूम.

कॅनडातला माझा मावसभाऊ याच धंद्यात आहे. तिथे बर्फ वितळतं तेव्हा पाणी येतं तेही गारठलेलं, वर रस्त्यावर टाकलेल्या मिठासकट. थंडीत अमोनियावाले जीवाणू आणखीच मंदावतात. आमच्याकडे पाणी बारा महिने कोमट, तेवढं आमचं नशीब. पूर ओसरला की जीवाणूंची कल्चर पावडर विकणारे हटकून हजर होतात. गाळ हाताशी उरलेला असेल तर त्या पावडरीवर पैसे घालवू नयेत, असं माझं मत. पातळ मैल्यावर जीवाणू उपाशी असतात. नेहमीचा दाट मैला सुरू झाला की ते आपोआप सावरतात.

आम्ही तेवढं थांबलो. रोज हजार मिलीच्या सिलिंडरमध्ये अर्धा तास गाळ बसवून पाहायचं, वरचं पाणी गढूळ की नितळ ते नोंदवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली सुरुवातीला सुटे पोहणारे जीवच दिसत होते. देठावरचे, घंटेच्या आकाराचे वोर्टिसेला पुंजक्यांवर परतले आणि अमोनियाही उतरायला लागला, तेव्हा जादा गाळाचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला सांगितला. आधी साठलेली माती काढायची होती.