आरसीवर एक इंजिन, बॉनेटखाली दुसरंच

मंडळी, आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात जुनी पिकअप घेताना माणूस टायर बघतो, हौद्याचा पत्रा ठोकून बघतो आणि इंजिन फक्त ऐकतो. आवाज चांगला वाटला की टोकन दिलं.

माझ्या मावसभावाने कांदा-तरकारी वाहायला चौफुल्याकडची एक जुनी महिंद्रा बघितली. आरसीवर २५२३ सीसी, म्हणजे कंपनीचं डीआय इंजिन. टोकन द्यायच्या आधी न्हावऱ्याच्या ओळखीच्या फिटरला नेलं. त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "दादा, डीआयला हीटर कशाला?" हेडला चार हीटर प्लग होते.

मग डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन ब्लॉक घासला. इथे बरेच जण फसतात. ब्लॉकवर उठावाचे जे अंक असतात ते साच्यातले, हजारो ब्लॉकवर तेच. गाडीचा खरा इंजिन नंबर सपाट जागेवर पंचाने ठोकलेला असतो. तो आरसीशी जुळला नाही. चेसिस नंबर मात्र जुळला.

हेड गॅस्केट गेलेलंच होतं, म्हणून मालकाला विचारून हेड उतरवलं. बोअर भरला ९० मिलिमीटर. २५२३ वाल्याचा बोअर ८८.९ असतो, आणि रिबोअर केलेला असला तर फरक आणखी कमी. म्हणजे नुसत्या बोअरवरून काही ठरत नाही. पिस्टन खालपासून वरपर्यंत किती सरकतो ते मोजलं : ८३. डीआयला ते १०१.६ पाहिजे. चार सिलिंडरचा हिशोब २११२ सीसी येतो. हे प्यूजोच्या बनावटीचं एक्सडीपी ४.९०, एमएम ५४० जीपमध्ये यायचं ते. नावातच आहे बघा, ४ सिलिंडर, ९० चा बोअर. टाटाचं ४९७ पण तसंच, ४ सिलिंडर आणि ९७.

इंजिन वाईट नव्हतं हो. पण उद्या अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर आधी चेसिस आणि इंजिन नंबर बघणार. नाक्यावर पोलिसांनी तपासलं तर इंजिन चोरीचं नाही हे सिद्ध करायला बिल कुठून आणायचं? भावाने विकणाऱ्याकडे इंजिनाचं बिल मागितलंय. ते येईपर्यंत टोकन खिशातच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की इंजिन बदलायला मंजुरी पाहिजे, आणि बदलल्यावर १४ दिवसांत आरसीसह नोंद. बरं, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी होतं. मग ही गाडी इतकी वर्षं पास कशी झाली? लाईट, हॉर्न, रिफ्लेक्टर बघतात. काळ्या ग्रीसखालचा नंबर कोण घासणार?

पण दुसरी बाजू पण आहे. मूळ इंजिन बसलं, नवं परवडेना, म्हणून जुन्या बाजारातून रीतसर आणून बसवणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना चोरासारखं लपावं लागू नये. शिरूरची गाडी एमएच १२, दौंडची एमएच ४२. म्हणजे एकाने पुण्याला जायचं, दुसऱ्याने बारामतीला, धंदा बुडवून. पासिंगच्या वेळी नंबर खरंच वाचा, आणि बिल असलेल्याची नोंद तिथंच, त्याच दिवशी करून द्या, एवढीच मागणी आहे. दोन्ही तालुक्यांतल्या लोकप्रतिनिधींना टॅग करा.